चिमटेकाकूंचं नसलेलं मांजर

चिमटेकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नवरा तशी हाक मारायचा, तो देवाघरी गेला. बाकी साऱ्या गल्लीला त्या चिमटेकाकूच. उभा जन्म त्यांनी धुलाईघराच्या मागच्या अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत घालण्यात काढला होता आणि कमरेच्या पिशवीत लाकडी चिमटे कायम खुळखुळत असायचे. त्यातून काकूंच्या बोलण्यालाही चिमटा असायचाच, त्यामुळे नाव अंगाला असं बसलं की जणू बारशालाच ठेवलेलं.

धुलाईघर घरचंच होतं. पुढे दुकान, मधे धुण्याची खोली, वर राहायच्या खोल्या, मागे अंगण. वसतिगृहांच्या आणि लॉजच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गठ्ठ्यांनी यायचे. सासऱ्यांनी धंदा सुरू केला, नवऱ्याने चालवला, आता मुलगा चालवत होता. पण अंगण मात्र काकूंचं. हिवाळ्यात तर तिथे दुसरं कुणी फिरकायचंही नाही. ओली चादर झटकली की शिंतोडे तोंडावर सुईसारखे टोचत. बोटं आधी लाल व्हायची, मग पांढरी, आणि मग ती आपली आहेत की शेजारणीची हेसुद्धा कळायचं नाही. गारठ्यात वाळलेली चादर आणि ओली चादर हाताला सारखीच गार लागते, म्हणून काकू ती गालाला लावून बघायच्या. गाल कधी फसत नसे.

आणि एक गोष्ट होती जी त्यांनी कुणालाच सांगितलेली नव्हती. एकेक चिमटा लावताना त्या एकेकदा देवाचं नाव घ्यायच्या. पाय दुमडून, डोळे मिटून बसायला संसारी बाईला सवड कुठली? तेव्हा दोरी हीच माळ आणि चिमटे हेच मणी. वारा सुटला की चादरी फडफडायच्या, आणि काकूंना वाटायचं, ऐकतोय बरं का तो.

मग मुलाने कपडे वाळवायचा मोठा ड्रायर आणला. आणला तो आईच्या बोटांसाठीच, हे खरं सांगायला हवं. भेगा पडून बोटांतून रक्त यायचं ते त्याला लहानपणापासून बघवायचं नाही. ड्रायरला जागा हवी म्हणून अंगणाला भिंती घातल्या, वर पत्रा टाकला.

"आई, आता तू खुर्चीवर बसायचं आणि फक्त घड्या घालायच्या," तो म्हणाला. "अंगणात पाऊल टाकलंस तर बघ!"

"अंगण ठेवलंयस कुठे पाऊल टाकायला?" काकू म्हणाल्या, पण हसून म्हणाल्या. पोराने आईची एवढी काळजी करावी, याहून काय हवं? महिनाभर त्या येईल त्याला आपले हात दाखवत होत्या. "बघा, लोण्यासारखे झालेत!"

मग हिवाळा आला. सकाळी उठायचं ते अंधारात. जिना उतरून खाली जायचं, ट्यूबलाइटखाली इस्त्रीच्या वाफेत बसायचं, आणि काम संपवून जिना चढायचा तोवर बाहेर पुन्हा अंधार. ड्रायरची घरघर दिवसभर. खोली मात्र उबदार, हात कोरडे, पाठीला उशी. तक्रार करावी तर कशाची करावी?

आधी झोप गेली. मग जेवणावरची वासना. ताटात दोन घास वाढले तरी ते डोंगराएवढे दिसत. चादरीची घडी घालता घालता हात मधेच थांबायचे, आणि सून समोरून म्हणायची, "आई, काय झालं?" तेव्हा काकू दचकून म्हणायच्या, "काही नाही गं." बोलण्यातला चिमटा गेला. गिऱ्हाइकं हळूहळू विचारायला लागली, काकूंना बरं नाही का? आणि ज्याचं नाव उठता बसता ओठांवर असायचं, ते ओठांवरच राहायला लागलं, आत उतरेना. एका पहाटे त्या उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "देवा, माझं काय चुकलं? सुखात बसवलंस आणि आपण निघून गेलास होय?"

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली. सगळं ठीक होतं. "वय आहे, थोडं मनाचंही आहे," ते म्हणाले. "रोज दुपारी उजेड असताना तासभर बाहेर पडत जा. थंडी असली तरी. अंगभर कपडे घाला आणि निघा."

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "एवढ्या थंडीत? काहीतरीच." सून म्हणाली, "छातीत कफ झाला तर उगीच निस्तरत बसावं लागेल." दोघांनी मिळून आईसाठी हीटर आणला, खिडकीच्या फटीत चिंध्या बसवल्या आणि रात्री झोपताना हळद घातलेलं दूध सुरू केलं. प्रेमच ते. पण एकावर एक रजया घालून माणूस गुदमरतो, तसं प्रेम होतं.

काकूंना मात्र डॉक्टरांचं बोलणं लागून राहिलं. एका दुपारी मुलगा गठ्ठे पोचवायला गेला होता, सून वर बाळाला झोपवत होती. काकूंनी स्वेटर चढवला, त्यावर शाल घेतली, लोकरीची टोपी कानांवर ओढली आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या.

आणि गल्लीत येऊन उभ्याच राहिल्या.

आता पुढे काय करायचं? आयुष्यात काकू रिकाम्या हातांनी कधी बाहेर पडल्याच नव्हत्या. बाजारात गेल्या ते पिशवी घेऊन, दवाखान्यात गेल्या ते दुखणं घेऊन. नुसतं चालायचं म्हणजे काय करायचं? त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, काम नसताना दाराबाहेर दिसते ती बाई आणि वेळ नसताना आरवतो तो कोंबडा, दोघांना एकच न्याय. सासूबाई जाऊन कैक वर्षं झाली, पण त्यांचे डोळे अजून पाठीवर होते. काकूंनी चार पावलं टाकली, थांबल्या, कुंपणापाशी वाकल्यासारखं केलं, परत चार पावलं टाकली.

कोपऱ्यावर बूट शिवणारे भाऊ आपल्या टपरीत बसतात. त्यांनी मान वर केली. "काय काकू, काही पडलं का?"

"नाही, नाही."

"मग काय शोधताय?"

काकूंच्या तोंडून निघून गेलं, "मांजर."

देव साक्षीला आहे, काकूंच्या घरात मांजर तर सोडाच, मांजराचा केससुद्धा कधी नव्हता. पांढऱ्या चादरींच्या धंद्यात मांजर पाळेल कोण? पण बोललेलं माघारी घेता येतं थोडंच!

"कसं आहे दिसायला?" भाऊंनी सुई खाली ठेवली.

"तपकिरी. एक पाय पांढरा."

"कुठला?"

"अं? पुढचा."

"तळ्याकडे बघा. मांजरं तिकडेच जातात उन्हाला."

आता तळ्याकडे जाणं भागच पडलं. काकू गेल्या. काठाला काचेसारखा पातळ बर्फ धरला होता, मधे पाणी मोकळं होतं आणि त्यावर ऊन पसरलं होतं, तिरपं, फिकं, पण डोळे मिटावेत इतकं लख्ख. वारा नाकाच्या शेंड्याला झोंबत होता. जुन्या पंपघराची भिंत दक्षिणेला तोंड करून उभी होती आणि तिच्यापाशी वारा येत नव्हता. काकू भिंतीला पाठ लावून जरा टेकल्या. भिंत कोमट होती. थंडीच्या पोटात इतकी ऊब लपवून ठेवलेली असते हे त्या विसरल्याच होत्या. तिथे त्यांनी काहीच केलं नाही. श्वास तेवढा घेतला, आणि तो तोंडासमोर पांढरा झाला ते बघून त्यांना का कोण जाणे हसू आलं.

त्या रात्री त्या पहाटेपर्यंत झोपल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मांजर शोधायला जाणं आलंच. तिसऱ्या दिवशी काकूंना वाटलं, आता लोक विसरले असतील. पण भाऊंनी टपरीतून हाक मारली आणि काखेत धरलेला एक भला दांडगा बोका पुढे केला. "हे घ्या काकू! तपकिरीच आहे म्हणायचं!"

"अहो, हा तर पिवळा आहे."

"उन्हात तसा दिसतो."

"आणि पाय?"

"पाय धुतल्यावर पांढरा होईल. तुमचा धंदाच तो."

काकू इतक्या हसल्या की टोपी डोळ्यांवर आली. किती दिवसांनी हसल्या कुणास ठाऊक. बोका तेवढ्यात भाऊंना ओरबाडून पळाला.

समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई हे सगळं खिडकीतून बघत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. यजमान गेल्यापासून त्या हिवाळाभर खिडकीआड बसायच्या आणि पडदा तेवढा हलायचा. चौथ्या दिवशी त्या कोट घालून, हातात काठी घेऊन फाटकात उभ्या. "चला, मीही शोधते. दोघींनी शोधलं तर लवकर सापडेल."

"अहो, तुम्ही कशाला थंडीत..."

"नाव काय त्याचं? हाक मारायला बरं."

काकू गडबडल्या. "नाव नाही ठेवलं अजून."

"अजून?"

"ठेवीन ठेवीन म्हणत होते."

मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. मग रोज दुपारी, मुलगा गठ्ठे पोचवायला गेला आणि सून बाळापाशी असली की, दोघी निघायच्या. बाई कधी म्हणायच्या, मागचा पाय पांढरा म्हणालात ना? काकू म्हणायच्या, हो, मागचा. दुसऱ्या दिवशी पुढचा. तळ्याला वळसा घालून पंपघराच्या भिंतीशी टेकायचं, मग शाळेच्या मागच्या रस्त्याने परत. पानं झडलेल्या झाडांत पक्ष्यांची घरटी उघडी पडली होती. उन्हाळ्यात ज्यांचा पत्ता लागत नाही ती आता मोजून घ्यावीत. बाई पक्ष्यांची नावं सांगायच्या, काकू ऐकायच्या आणि लगेच विसरायच्या. परतल्यावर कडकडून भूक लागायची. सुनेने वाढलेलं ताट चाटूनपुसून साफ व्हायचं.

"आई, हीटर मानवला बरं का तुम्हाला!" सून आनंदाने म्हणाली. काकूंनी मान डोलावली. म्हणजे हेही खोटंच.

खोट्याचं मात्र त्यांना फार वाटायचं. रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या हात जोडून म्हणायच्या, "देवा, एका मांजरापायी किती खोटं बोलले त्याचा हिशेब तुझा तू ठेव. पण उद्याचं एक आणखी धर." आणि चालताना मात्र, काय नवल, त्याचं नाव आपोआप पावलांत यायला लागलं होतं. बोलवावं लागत नव्हतं.

पण खोट्याचे पाय लांडे. एका सकाळी बूट शिवणारे भाऊ आपल्या चादरी घेऊन धुलाईघरात आले आणि मुलाला म्हणाले, "काय मालक, तुमचं मांजर सापडलं की नाही अजून? काकू बिचाऱ्या रोज तळ्यापर्यंत जातात शोधायला."

मुलाच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला. "कुणाचं मांजर?"

"तुमचं. तपकिरी."

भाऊ गेले, पण मुलगा काउंटरला धरून उभाच. त्याची आजी, म्हणजे काकूंच्या त्याच सासूबाई, शेवटी शेवटी अशाच घरभर फिरायच्या, लहानपणी वारलेल्या बहिणीला हाका मारत. एकदा तर थंडीत अनवाणी निघून गेल्या आणि गावाबाहेर सापडल्या. तेव्हा तो शाळेत होता. आजीचे निळे पडलेले पाय त्याच्या डोळ्यांसमोरून हलले नव्हते. त्याने बायकोला बाजूला घेतलं. दोघं जिन्याखाली उभं राहून कुजबुजले. सून डोळे पुसत वर गेली.

दुपारी काकू मागच्या दाराशी आल्या, तर दाराला नवी कडी आणि कडीत कुलूप. बूट ठेवायच्या फळीवर त्यांचे बूट नव्हते.

त्यांना आधी काही कळेना. मग कळलं, आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. मुलगा समोर येऊन उकिडवा बसला. लहान मुलाशी बोलावं तसं, हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आई, आपल्याकडे मांजर नाहीये. कधीच नव्हतं. तुला दिसतं का ते?"

त्याचा आवाज कापत होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना उमगलं. पोराला वाटतंय, आई हातातून चालली. आता दार उघडणार नाही. पत्र्याखालच्या खोलीतून थेट वरच्या खोलीत, आणि तिथून थेट देवाघरी. गप्प बसलं तर एवढाच रस्ता उरत होता. वेडी ठरण्यापेक्षा खोटारडी ठरलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं.

"मला माहितेय मांजर नाही ते," त्या म्हणाल्या. "मी थाप मारली."

"थाप?"

"भाऊंनी विचारलं काय शोधताय, तर काय सांगू? काही नाही, नुसती आलेय? लाज वाटली मला."

मुलाने मान हलवली. विश्वास बसला नव्हता, ते दिसतच होतं. "आई, इतके दिवस रोज? नुसतं चालायला? अगं, तू कधी देवळातसुद्धा कामाशिवाय गेली नाहीस."

"नव्हते जात. कारण कामच बाहेर होतं ना माझं!" काकूंचा आवाज चढला. "तू बोटं वाचवलीस रे माझी, देव तुला उदंड आयुष्य देवो. पण त्या थंडीत बोटं जायची आणि बाकीची मी तगायचे, हे मलाच कुठे ठाऊक होतं? आता बोटं आहेत आणि मीच नाही. बाहेर गेले की असते. याला काय म्हणतात ते मला येत नाही सांगता. म्हणून मांजर म्हटलं."

त्याने कडीतल्या कुलपाकडे पाहिलं.

"विश्वास नाही ना? मग चल माझ्याबरोबर. वेडी असेन तर तिथे दिसेलच तुला."

"आत्ता? यंत्र चालू आहे, वसतिगृहाचा माल..."

"आत्ता."

कुलूप निघालं. आईचे बूट त्याने इतक्या जपून लपवले होते की आता त्यालाच सापडेनात. शेवटी काकूंनी सुनेचे चढवले, दोन बोटं मोठे, आणि फटक फटक करत निघाल्या. मागून मुलगा, अंगावर कामाचा एप्रन तसाच.

मास्तरीणबाई फाटकात वाट बघत होत्या. "उशीर झाला आज. आणि हे कोण, सापडलं वाटतं मांजर? बरंच मोठं निघालं."

काकूंनी मान खाली घातली. "बाई, माफ करा. मांजर नव्हतंच कधी. तुम्हाला रोज उगीच थंडीत फिरवलं मी."

"माहितेय मला," बाई म्हणाल्या.

"माहितेय?"

"काकू, तुमच्या दारासमोर माझी खिडकी आहे. तुमच्याकडे मांजर असतं तर तुमच्याआधी मला कळलं असतं." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हे गेल्यापासून कुणी चला म्हटलं नव्हतं. आणि आपण होऊन निघायला मला तरी काय कारण होतं? तुमचं मांजर बरं होतं. मी तर म्हणते, पाळूनच टाका त्याला, असंच न आणता."

काकूंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण बाईंनाच आधी फुटलं, आणि मग दोघी फाटकाला धरून अशा हसल्या की भाऊ टपरीतून बाहेर येऊन बघायला लागले. मुलगा आईकडे बघत होता. हसताना तिचा खालचा ओठ एका बाजूला जातो हे तो या हिवाळ्यात विसरला होता. वेड्या माणसाचं हसू त्याने आजीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं होतं. हे तसं नव्हतं.

तळ्यापर्यंत तो दोघींच्या मागून चालला. पंपघराशी बाई आणि काकू नेहमीच्या जागी टेकल्या. तो आधी उभा राहिला, घड्याळ बघितलं, मग जरा लांब भिंतीला पाठ लावली. थोड्या वेळाने त्याने डोळे मिटले. कानांपर्यंत चढलेले खांदे हळूहळू खाली आले.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. दिवसाउजेडी त्याचा चेहरा त्यांनी किती दिवसांत पाहिला नव्हता! ट्यूबलाइटखाली सगळेच पांढरे दिसतात, म्हणून लक्षात आलं नव्हतं. पोराच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, कानशिलावर केस पिकायला लागले होते. तोही तर अंधारात उठत होता आणि अंधारात जिना चढत होता. आईच्या बोटांची काळजी करणाऱ्या पोराला स्वतःचं काय होतंय ते कोण विचारणार? आणि आपण खुर्चीवर बसून स्वतःचंच दुःख कुरवाळत होतो, असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले. ते वाऱ्याने आले असं त्या कुणी विचारलं तर सांगणार होत्या.

"उद्यापण ये," त्या म्हणाल्या.

"उद्या माल आहे गं."

"असू दे. मला सोबत लागते. हे बूट मोठे आहेत, पडेन कुठे तरी."

"बूट तुझे सापडतील संध्याकाळपर्यंत."

"सापडले तरी म्हातारी बाई मी. बर्फावरून घसरेन. घसरले तर कोण उचलणार, बाई?"

"मला जमायचं नाही," मास्तरीणबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

मुलाने एक डोळा उघडून आईकडे पाहिलं. "थाप मारतेयस."

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि डोळा पुन्हा मिटला. धुलाईघरात कुणीतरी घंटी वाजवत असेल, सून एकटी सांभाळत असेल, ड्रायर कधीचा थांबला असेल. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.